पंचवीस मिनिटं गेली कुठे?

"पंचवीस मिनिटं कुठे घालवलीस?" बाणगडच्या महाराजांनी आपल्या वैमानिकाला, दिनकरला, विमानाच्या मैदानावर सगळ्यांदेखत विचारलं.

कळ दाबली की थांबणारं घड्याळ विलायतेहून आल्यापासून महाराजांपुढे कुणाची धडगत नव्हती. पुरी किती वेळात फुगते, हेसुद्धा ते मुदपाकखान्यात जाऊन मोजत. विमान रोज आंब्याच्या करंड्या घेऊन पूर्वेला त्यांच्या सासुरवाडीला, शेलारपूरला जाई. अंतर नव्वद मैल. विमान पोचल्याची आणि निघाल्याची तार तिकडून येई, त्यावरून महाराजांनी चोरी पकडली होती: जाताना पन्नास मिनिटं, येताना पंचाहत्तर.

"महाराज, येताना वारा समोरून असतो..."

"नव्वद मैल जाताना, नव्वदच येताना. वारा काय मैल वाढवतो? वाटेत कुठेतरी उतरून गप्पा छाटत बसतोस तू. उद्या पन्नास मिनिटांत परत आला नाहीस, तर संस्थानाबाहेर चालता हो!"

महाराजांवर छत्री धरून गोंदाजी उभा होता. दिनकर त्याचा जावई. जावई गेला की एकुलती एक लेकही जाणार, आणि ते त्याला मुळीच सोसणार नव्हतं. वीस वर्षं ती भलीमोठी छत्री पेलून वारा म्हणजे काय, हे त्याच्या मनगटांना पक्कं ठाऊक होतं.

"महाराज, ती पंचवीस मिनिटं कुठे जातात ते मी दाखवतो," तो म्हणाला. "फक्त छत्री आपण धरायची. त्या पूर्वेच्या लिंबापर्यंत चालत जायचं आणि परत यायचं. ऊन मात्र अंगाला लागू द्यायचं नाही."

"बस, एवढंच?"

"आणि घड्याळ माझ्याकडे द्यायचं."

चार वाजून गेले होते. ऊन पश्चिमेचं, वाराही पश्चिमेचा. महाराजांनी छत्री पाठीमागे तिरकी धरली मात्र, वाऱ्याने त्यांना असं रेटलं की तो भारदस्त माणूस जवळजवळ धावतच लिंबाला भिडला. मग ते वळले. आता ऊन तोंडावर, म्हणून छत्री समोर. ती काही केल्या त्यांना पाऊल पुढे टाकू देईना. फेटा सुटला, एक जोडा मागे राहिला, आणि महाराज घामाघूम होऊन कसेबसे परतले.

गोंदाजीने घड्याळाची कळ दाबली आणि तो अदबीने वाकून म्हणाला, "जाताना चार मिनिटं, येताना नऊ. लिंब तर जागचा हलला नाही. मग मधली पाच मिनिटं महाराज कुठे गप्पा छाटत बसले होते?"

महाराजांनी हातातल्या छत्रीकडे पाहिलं, दूर पडलेल्या जोड्याकडे पाहिलं, आणि ते पोट धरून हसत सुटले.

"दिनकर, उद्या लागेल तेवढा वेळ लागू दे. आणि गोंदाजी, ते घड्याळ तुझ्याकडेच ठेव. माझ्याकडे राहिलं तर तू मला पुन्हा चालायला लावशील."

ही बातमी मुदपाकखान्यात पोचली, तेव्हा आचाऱ्याने गोंदाजीच्या घरी टोपलीभर पुऱ्या पाठवल्या. त्या किती वेळात तळल्या, हे कुणीही मोजलं नाही.