विरजणाचं पातेलं

“मग काय माय, सगळा धंदा वाऱ्यावर सोडून देऊ?”

मठाच्या ओसरीवर बसून भागीरथीमाय कोमट दुधात विरजण घालत होती.

हेमलता वाणीला उत्तरासाठी ताटकळायची सवय राहिली नव्हती. तिचा आता तालुक्यात दबदबा होता, आणि तो तिनं स्वतःच्या हिमतीवर मिळवला होता. शिकायला आलेल्या मुली खोल्या घेऊन राहायच्या. दही लावायचं तर विरजण कुठलं आणायचं? अनोळखी शेजारणीचं दार कोण वाजवणार? हेमलतानं आधी वाटीवाटीनं विरजण विकलं, मग दही. आता तिच्या दह्याचे डबे जिल्हाभर जात होते.

“जिजा अगदी पहिल्यापासून माझ्याबरोबर होती,” हेमलता म्हणाली. “तीच काम सोडून गेली. बाकीच्या बायकाही जायचं म्हणतात. त्या गेल्या तर कुलूपच लावावं लागेल.”

“का गेली गं?”

“तिनं लावलेलं दही आंबट निघालं. मी मोरीत ओतलं.”

“कुणी पाहिलं?”

“...सगळ्यांनी.”

मायनं पातेल्यावर झाकण ठेवलं. लगेच काढलं. आत बोट घालून पाहिलं.

“लागलं नाही अजून.”

“माय, आत्ता तर विरजण घातलंत!”

“हो, तेही खरंच.” मायनं झाकण ठेवलं, पुन्हा काढलं. या खेपेला पळीनं ढवळलं. एवढ्यावर भागलं नाही म्हणून पातेलं उचलून चांगलं हलवलं.

हेमलताच्या जिवाची नुसती तगमग झाली. धंद्याचं दुःख ती क्षणभर विसरलीच.

“अहो, हलवू नका! सारखा असा हात घालत बसलात तर सकाळी दही कुठलं, पाणी मिळेल.”

“दूध माझंच आहे की.”

“असेना तुमचं! एकदा विरजण घातलं की आपण हात काढून घ्यायचा. पुढचं काम त्याचं...”

बोलता बोलता ती थांबली.

दही मोरीत जात होतं तेव्हा जिजा एका शब्दानं भांडली नव्हती. ओले हात पदराला पुसत नुसती उभी होती. ते, आणि तिच्या प्रत्येक कामात आपण सारखा घातलेला हात आठवून हेमलताला फार लाज वाटली, आणि लाजेच्या पाठोपाठ भीतीही वाटली.

“मी जाते तिच्या घरी. माफी मागते,” ती हळूच म्हणाली. “पण माय... मी हात काढून घेतला, आणि तिच्याकडून पुन्हा आंबट झालं तर?”

मायनं पातेल्यावर झाकण ठेवलं आणि ते भिंतीकडे सरकवलं.

“तर कढी करू.”