किड्यांचा मान

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ती खरी की खोटी हे सांगणारं आता कोणी उरलेलं नाही, त्यामुळे ती निर्धास्तपणे सांगता येते. दोन डोंगररांगांच्या मध्ये एक राज्य होतं. राज्याला राजा होता, राजाला प्रधान होता आणि माल वाहायला ट्रक होते. राजेरजवाड्यांच्या काळात ट्रक कुठले, असं कोणी विचारील. त्याने खुशाल बैलगाडी समजावी. मात्र मग किडे कशावर आपटले, हेही त्याचं त्यानेच ठरवावं.

कारण गोष्ट किड्यांची आहे. भरधाव ट्रकच्या तोंडावर चतुर, पतंग, भुंगे, चिलटं, पंख फुटलेली वाळवी असं काय काय येऊन आपटतं. काचेवर आणि रंगावर ते चिकटतं आणि उन्हाने वाळून जातं. या राजाच्या आजोबांनी एकदा वेशीवर असाच माखलेला ट्रक पाहिला. "कुठून आला रे हा?" त्यांनी विचारलं. "समुद्रावरून, महाराज," कोणीतरी सांगितलं. आजोबांना कौतुक वाटलं. त्यांनी आपला फेटा काढून ड्रायव्हरच्या डोक्यावर ठेवला.

घडलं होतं एवढंच. पण दरबारात एखादी गोष्ट एकदा झाली तर ती लहर असते, दुसऱ्यांदा झाली की परंपरा होते आणि तिसऱ्यांदा झाली की तिच्यासाठी अधिकारी नेमतात. नातवाच्या काळापर्यंत वेशीवर एक कीटकनिरीक्षक बसू लागला होता. तो परतलेल्या ट्रकच्या काचेवर नख रोवून थर किती जाड आहे ते बघे, आणि थर मनाजोगता असला तर ड्रायव्हरला फेटा देई. साहजिकच राज्यातला एकही ड्रायव्हर गाडी पुसत नसे. एकाने तर म्हणे रोज तिन्हीसांजेला तळ्याभोवती घिरट्या घालून फेटा मिळवला. त्याची सासुरवाडी सोडली तर त्याने जग पाहिलेलं नव्हतं.

हैबती मात्र तसला नव्हता. त्याने प्रत्येक किडा मेहनतीने मिळवला होता. दहा वर्षं तो समुद्रावरून मीठ आणत होता. त्याच्या ट्रकच्या काचेवर एवढा थर होता की पुढचं बघायला त्याने मधोमध ताटाएवढी जागा खरवडून मोकळी ठेवली होती. सीटमागे नऊ फेटे घडी करून ठेवलेले होते. चौकातून जाताना तो गाडी मुद्दाम हळू चालवी, म्हणजे लोकांना नीट बघता येई.

"अहो, एकदा तरी धुवा ती गाडी," त्याची बायको म्हणे. "दारात उभी केली की मुंग्या घरात येतात."

"त्यांनाही मान कळतो म्हणून येतात."

"आणि रंग? किडा अंगावर वाळला की रंग खातो म्हणतात."

"रंग कोणीही लावील," हैबती म्हणे. "हे किडे कोणी आणून दाखवावेत."

एके वर्षी पश्चिमेकडच्या डोंगरगावात तापाची साथ आली. हैबतीची लेक त्याच गावात दिली होती. सकाळी तिथून निरोप आला, की पन्नास माणसं आडवी झाली आहेत, त्यात हैबतीची लेकही आहे. राजवैद्याने झटपट काढा करून बरण्या भरल्या आणि बजावलं, "आज दिवेलागणीच्या आत पोटात गेला तर गुण येईल. उद्या दिला काय आणि न दिला काय, सारखंच."

प्रधानाने ड्रायव्हरांना वेशीवर उभं केलं. निरीक्षकाने सगळ्या काचांवर नख रोवलं आणि सांगितलं, "याच्याइतका थर कोणाचाच नाही. हाच जाईल." हैबतीची छाती फुगली. लेकीच्या काळजीने ती आतून धडधडत होती, पण फुगलीही होती. माणसाची छाती एका वेळी दोन्ही कामं करू शकते.

दुपारपर्यंत ऊन पाठीशी होतं आणि ट्रक छान धावला. तिसऱ्या प्रहरी घाट लागला आणि सूर्य समोर आला. तिरपं ऊन काचेवर पडताच सगळा थर पेटल्यासारखा चमकला. समोर नुसता पिवळा पडदा. ताटाएवढ्या जागेतूनही काही दिसेना. हैबतीने डोळे बारीक केले, मान वाकडी केली, देवाचं नाव घेतलं. तेवढ्यात डावं चाक कशावरून तरी घसरलं. त्याने करकचून ब्रेक दाबला आणि खाली उतरून पाहिलं. चाकाच्या पुढे वीतभर रस्ता होता. त्याच्यापुढे दरी होती.

हैबतीने वर सूर्याकडे पाहिलं. सूर्य मावळेपर्यंत थांबावं, तर दिवेलागण होणार. निघावं, तर दिसत नाही. मग त्याने सीटमागून एक फेटा ओढला आणि काच खसाखसा घासायला सुरुवात केली. जरीच्या काठाने काचेवर चार ओरखडे उठले. किडे जागचे हलले नाहीत.

"तसं करशील तर काच जाईल आणि किडे राहतील," मागून कोणीतरी म्हणालं.

रस्त्याकडेच्या ओढ्यावर एक परटीण धुणं धूत होती. ती हात पुसत वर आली.

"मावशी, मला घाई आहे. पोरगी तापाने फणफणलीय."

"घाईत असणारेच कोरडं घासतात. आयुष्य गेलं माझं लोकांचे डाग काढण्यात. वाळलेला डाग जोराने निघत नाही बाबा, भिजून निघतो. असतील तेवढे फेटे ओले कर, काचेवर पसर आणि गप्प बस."

"किती वेळ?"

"अर्धी भाकरी खाऊन होईपर्यंत."

"भाकरी खायची ही वेळ आहे का?"

"मग खाऊ नकोस. पण बस तेवढाच."

हैबतीने नऊच्या नऊ फेटे ओढ्यात बुडवले. दहा वर्षांचा मान पाण्यात जात होता आणि रंगही सोडत होता. त्याने ते काचेवर आणि बॉनेटवर पसरले आणि दगडावर बसला. आयुष्यात सगळ्यात लांबचा प्रवास त्याने त्या दगडावर बसून केला. सूर्य उतरत होता. दोनदा तो उठला, दोनदा परटिणीने त्याला नुसतं बघूनच खाली बसवलं.

"आता पूस," ती शेवटी म्हणाली. "वरून खाली. दाबू नकोस."

थर साईसारखा निघून आला. मागे काच राहिली, आणि काचेपलीकडे रस्ता. बॉनेटवरचा रंग मात्र जागोजाग खड्डे पडून फिका झाला होता. हैबतीने त्या खड्ड्यांवरून बोट फिरवलं, परटिणीच्या पायांना हात लावला आणि गाडी सुरू केली. घाटातलं एकेक वळण त्याला दिसत होतं. इतकी चांगली गाडी आपण चालवतो, हे त्याला दहा वर्षांत प्रथमच कळलं.

डोंगरगावच्या नाक्यावरही काचेवरचे किडे बघूनच गाडी आत सोडत. पहारेकऱ्याने त्याला अडवलं.

"कुठून आलास?"

"राजधानीतून. औषध आणलंय."

"राजधानीतून? आणि काचेवर एक चिलट नाही? मला काय खुळा समजतोस? मागच्या गल्लीतून आला असशील."

"दादा, काच काय बघता, बरण्या बघा."

"नियमात काच आहे. बरण्या नाहीत."

हैबतीने वाद घातला नाही. खाली उतरून त्याने एक बरणी खांद्यावर घेतली आणि नाक्यातून सरळ पायी आत गेला. माणसाच्या अंगावर किती किडे असावेत, याचा नियम नव्हता. त्याला बघून गावकरी धावले आणि त्यांनी बाकीच्या बरण्या हातोहात नेल्या. पहारेकरी अजून नियम आठवत होता, तेवढ्यात गावात दिवे लागले, पण त्याआधी काढा पन्नास जणांच्या पोटात गेला होता. पहाटे लेकीचा ताप उतरला. डोळे उघडून तिने बापाला पहिला प्रश्न विचारला, "बाबा, तुमचा फेटा कुठंय?"

"कामाला लागला," हैबती म्हणाला.

परतल्यावर निरीक्षकाने काचेवर नख रोवलं, ते नुसतंच घसरलं. त्याने फेटा नाकारला आणि तसं राजाला कळवलं. राजाने हैबतीला बोलावून सगळी हकिकत ऐकली. ती पुन्हा एकदा पहिल्यापासून सांगायला लावली; आपले आजोबा भाबडे होते हे कबूल करायला राजालाही वेळ लागतो. मग त्याने किड्यांचा मान बंद केला. निरीक्षकाची जागा मात्र बंद झाली नाही, कारण जागा कधी बंद होत नसतात. आता तो वेशीवर पाण्याचा हौद भरलेला ठेवतो, आणि गाडी धुतल्याशिवाय कोणाला बाहेर सोडत नाही.

हैबती रोज सकाळी आपला ट्रक स्वतः धुतो आणि चौकातून ताठ मानेने निघतो. रंगाचे खड्डे बघून कोणी विचारतं, "काय हैबतराव, फार लांबून आलात वाटतं?"

तो म्हणतो, "कुठे निघालोय, ते विचारा."

तात्पर्य: तुडवलेल्या वाटेची पुटं जो मिरवतो, त्याला पुढची वाट दिसत नाही.