केवड्याची खोडी

फार पूर्वी, झाडं माणसांशी गप्पा मारत तेव्हा, समुद्रकाठचा म्हातारा केवडा ऐटीत म्हणे, "माझ्या काट्यांना अख्खी वाडी भिते!" आणि लगेच हळूच पुस्ती जोडे, "कोयतीवाल्या बायका सोडून."

यंदा त्याला एकच कणीस आलं होतं. ते गौरीच्या पूजेला जाऊ नये म्हणून त्याने पानांआड दडवलं. वाराही शहाणा, सगळा वास समुद्राकडे नेत होता.

गौरी यायच्या दिवशी द्वारकाकाकू कोयती घेऊन आली. तिला कणीस काही दिसलं नाही, ती पुढे निघाली. पण खोडी काढल्याशिवाय केवड्याला चैन कुठलं? त्याने काट्यांत तिचा पदर पकडला.

"काय गो द्वारके, अडकलीस ना?" तो खदखदून हसला.

पदर सोडवायला काकू वाकली आणि पानांआड बघतच राहिली. कोयती उचलत म्हणाली, "बरं झालं अडवलंस, केवडोबा. मी तर रिकाम्या हाताने चालले होते!"