पदरावरच्या पोपटांची सुट्टी

एक होता राजा. पण राजाला राहू दे त्याच्या राजवाड्यात, गोष्ट काही त्याची नाही. गोष्ट आहे त्याच्या गावातल्या विणकरांच्या गल्लीची.

या गल्लीत घरोघरी माग. उजाडलं की खटक-खट, खटक-खट सुरू. सूत ओढणारा धोटा इकडून तिकडे पळायचा आणि रेशमी लुगडी तयार व्हायची. आणि साऱ्या गल्लीचा एक नेम होता, बरं का. अमावस्येला माग हलवायचा नाही. धोट्याला हळदकुंकू वाहायचं, मागावर पांढरं फडकं झाकायचं, भाकऱ्या बांधायच्या आणि सगळ्यांनी नदीवर जायचं. दिवसभर हसायचं, खायचं, लोळायचं.

सगळे जायचे, एक गिरजा सोडून. गिरजाचा हात गल्लीत सगळ्यात सफाईचा. नवरा गेल्यापासून घरात दोघंच, ती आणि तिचे म्हातारे सासरे. त्यांना ती मामंजी म्हणायची. मामंजींना आता धड दिसायचं नाही, पण कान तिखट, आणि जीभ कानापेक्षा तिखट. अमावस्येला गिरजा मागाला हात लावायची नाही, पण नदीवरही जायची नाही. घर सारवायची, रेशीम निवडायची, ते कांड्यांवर गुंडाळून ठेवायची. तिला वाटायचं, नदी काय पळून चाललीय?

मग काय झालं, राजकन्येचं लग्न ठरलं. शालू विणायचं काम आलं गिरजाकडे. पिवळाधमक शालू, आणि पदरावर एका रांगेत एकवीस हिरवे पोपट. राणीनं निरोप धाडला, "अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शालू हवा. नाही आला, तर राजवाड्याचं विणकाम यापुढे दुसऱ्या गावाला जाईल." म्हणजे बघा, साऱ्या गल्लीची चूल एकट्या गिरजाच्या हातात आली.

गिरजा विणत बसली. एकवीस पोपट झाले. सगळ्यांच्या चोची उजवीकडे, पाय जुळवलेले, शाळेतल्या मुलांसारखे एका रांगेत. आजेसासूच्या जुन्या पदरावर होते, अगदी तस्से. आणि चार बोटं विणायचं राहिलं, तोच अमावस्या उजाडली.

गल्ली भाकऱ्या घेऊन निघून गेली. गिरजानं हळूच फडकं बाजूला केलं.

"गिरजे, आज माग झोपलाय," मामंजी ओसरीवरून म्हणाले.

"चारच बोटं राहिलीत, मामंजी. अगदी हळू विणते."

"हळू चोरी केली म्हणजे ती चोरी नाही होय?"

गिरजानं ऐकलं नाही. तिनं धोटा टाकला. खट. पहिल्या पोपटानं मान वळवली. तिला वाटलं, डोळ्यांवर झापड आली असेल. दुसऱ्यांदा टाकला. खट. एकवीसच्या एकवीस पोपटांनी अंग फुलवलं, पंख झटकले. तिसऱ्यांदा टाकला. खट. आणि भुर्रकन उडून सगळे खिडकीबाहेर. मागावर राहिला कोरा पिवळा पदर.

गिरजानं पदरावरून हात फिरवला. एकही पोपट नाही.

"किती गेले?" मामंजींनी विचारलं.

"सगळे."

"शहाणे आहेत. सुट्टीच्या दिवशी कामावर कोण बसतं, तुझ्याशिवाय? चल ऊठ. मलाही ने. तुला दिसेल, मला ऐकू येईल."

मग गिरजानं टोपली घेतली, मिरच्या घेतल्या, लाल रेशमाची लडी घेतली. मामंजींचा हात धरला आणि निघाली. थंडी नुकती पडू लागली होती. गवतावर दव होतं. पण गिरजाचं लक्ष सगळं वर, आभाळात.

पेरूच्या बागेपाशी मामंजी थबकले. "इथं आहेत. खाताहेत बघ, मेले." खरंच की. झाडभर पोपट, आणि खाली पेरूच्या सालींचा सडा. गिरजानं टोपली काठीवर तिरकी उभी केली, खाली मिरच्या ठेवल्या आणि लपून बसली. पोपट फांदीवरून बघत राहिले. मग त्यांच्यातला थोरला पोपट म्हणाला, "बाई, आज अमावस्या. उद्या या." आणि भुर्र.

पुढे लागलं एक कुंपण. पोपट त्याच्यावर बसलेले. गिरजानं भराभर रेशमाचं जाळं विणलं आणि कुंपणाच्या या टोकाला, त्या टोकाला बांधलं. पोपट जाळ्यात शिरतायत कसले. त्यांनी त्या रेशमाचा झोका केला. पाच इकडे, पाच तिकडे, झुलून घेतलं आणि पुन्हा भुर्र.

मामंजी हसू लागले. "चांगलं बळकट विणलंस गं."

गिरजाला मात्र रडू फुटायला आलं. सूर्य डोक्यावर आला होता. पायात काटा मोडला होता. मामंजींचे गुडघे बोलायला लागले होते. ते म्हणाले, "पोरी, नदीवर बसू जरा. आता पाय उचलत नाही." मग गिरजाचा नाइलाज झाला.

नदीवर सारी गल्ली पसरलेली. कुणी झोपलंय, कुणी सागरगोटे खेळतंय. गोवऱ्यांच्या आरावर वांगी भाजत साळूकाकू बसलेल्या. त्यांनी गिरजाला पाहिलं आणि कपाळावर हात धरून लांब बघितलं.

"कोण आलंय हे? आज सूर्य कुठनं उगवला?"

"काकू, पोपट पाहिलेत का?"

"पोपट मग बघू. आधी ते वांगं बघ, जळतंय."

गिरजानं वांगं फिरवलं. मामंजींना काठावर बसवलं. त्यांनी धोतर वर खोचलं आणि पाय पाण्यात सोडले. बारा वर्षांनी सोडले, बरं का. त्यांचा चेहरा असा खुलला, असा खुलला, की काय सांगू. यांना इथं आणायचं आपल्याला कधी सुचलंच नाही, गिरजाला वाटलं.

"गिरजे, पायाशी कोण आलंय बघ. गुदगुल्या करतंय."

गिरजा वाकली. इवल्या इवल्या मासोळ्या मामंजींच्या बोटांना टोचून जात होत्या. तिनंही पाय सोडले. मासोळ्या तिच्याकडे आल्या. ती फिसकन हसली. मग ती मामंजींना सांगू लागली, कारण त्यांना दिसत नव्हतं ना. मासोळीच्या पाठीवर रुपेरी रेघ आहे, मामंजी. पाण्यावर लांब पायांचे किडे आहेत, ते पाण्यावर चालताहेत, बुडत नाहीत. आता एक निळा खंड्या आला. गेला. पाण्यात गेला, मामंजी. वर आला, चोचीत मासा. सांगता सांगता तिचा आवाज चढत गेला.

बाभळीखाली सुगरणीचं एक घरटं पडलेलं होतं. गिरजानं ते उचललं, उलटंपालटं केलं आणि मामंजींच्या हातात दिलं. मामंजींनी बोटांनी चाचपलं. काडी वर, काडी खाली.

"हिच्याकडे माग नाही, मामंजी. धोटा नाही. नुसती चोच."

"आणि गाठ बघ. आपल्या गल्लीत अशी गाठ कुणाला येते?"

"मला नाही येत," गिरजा म्हणाली, आणि गाठ कशी घातलीय ते डोळ्यांशी नेऊन बघत बसली. साळूकाकूंनी भरीत-भाकरी पुढ्यात ठेवली. घास तोंडात, घरटं हातात. पोपटांचं ती साफ विसरली.

मग काय झालं, पोपट आपणहून आले. ही बाई एवढी कशाला हसतेय, हे बघायला आले. बाभळीवर उतरले, आणि गिरजानं मान वर केली.

एक पोपट उलटा लटकला होता. एक पेरूची फोड पायात धरून, माणसासारखी तोंडाशी नेऊन खात होता. दोघं एकमेकांच्या मानेतले किडे वेचत होते. एक डोळे मिटून पिसांचा गोळा झाला होता. गिरजा बघतच राहिली. शेकडो पोपट विणले होते तिनं, पण ते सगळे आजेसासूच्या पदरावर बघून. झाडावरचा पोपट असा डोळे भरून कधी पाहिलाच नव्हता.

थोरला पोपट तिच्या पुढ्यात येऊन बसला. "काय गं, आता पकडत नाहीस?"

"थांबा हो जरा. तो मान कशी खाजवतोय ते बघू दे."

पोपटांनी डोक्याला डोकी लावली, काहीतरी किलबिलले. मग थोरला म्हणाला, "संध्याकाळी येतो. पण रांगेत बसणार नाही. पाय फार अवघडतात. ज्याला जसं वाटेल तसा बसेल. चालेल?"

राणीला रांग हवी होती. साऱ्या गल्लीची चूल होती. गिरजानं त्या उलट्या पोपटाकडे पाहिलं. "चालेल," ती म्हणाली.

घरी येऊन तिनं खिडकी सताड उघडली. सूर्य खाली गेला. कुणी आलं नाही. दिवेलागणीची वेळ झाली. कुणी आलं नाही. मामंजींनी कान टवकारले आणि म्हणाले, "आले." आणि भरारत सगळे आत शिरले, पदरावर टपाटप बसले. कुणी आडवा, कुणी तिरका, कुणी पाठमोरा. गिरजानं मोजले. वीस. पुन्हा मोजले. वीसच. तेवढ्यात शेवटचा आला, पोट पार टम्म, आणि कोपऱ्यात जाऊन धपकन बसला.

अमावस्या सरली, सूर्य उगवला, तशी गिरजानं राहिलेली चार बोटं विणली आणि शालू घेऊन राजवाडा गाठला.

राणीनं पदर उलगडला. "हे काय? एकही सरळ बसलेला नाही."

दरबारात कुणी हलेना. मग राजकन्या पुढे झाली. तिनं एकेक पोपट निरखला. उलट्या पोपटापाशी आली आणि खुदकन हसली.

"आई, मला हाच शालू हवा. लग्नात मला तासन् तास मान खाली घालून बसायचंय. निदान बघायला कुणीतरी असेल."

राणी पण हसली. दुसरं काय करणार? राजवाड्याचं विणकाम गल्लीतच राहिलं. गिरजा दर अमावस्येला मामंजींचा हात धरून नदीवर जाऊ लागली, सगळ्यांच्या आधी.

निघताना मात्र तिनं राजकन्येच्या कानात एक गोष्ट सांगितली होती. म्हणून आजही अमावस्येला राजकन्या पेटी उघडते, खिडकी उघडते आणि दिवसभर शालूचा पदर कोरा असतो. संध्याकाळी सगळे परत येतात, आणि मग शालूला पेरूचा वास येतो.

आता ते दमून झोपलेत. तुम्हीही पांघरूण घ्या अंगावर. कसेही झोपा, आडवे, तिरके, पाठमोरे. रांगेत झोपायला कुणी सांगितलेलं नाही.