बापूची एकतीस

बापू शिंत्रे गेला. शोकसभेत त्याचा फोटो क्रिकेट क्लबात लावायची गोष्ट निघाली. अध्यक्ष रावसाहेब घोरपडे स्वतःच्या फोटोखालीच बसले होते. म्हणाले, “लोकांना बापू आवडायचा, ठीक आहे. पण माझी सरासरी अठ्ठेचाळीस, त्याची एकतीस. आकडे खोटं बोलत नाहीत.”

तीस वर्षं स्कोअर लिहिणारे केळुसकर सावकाश उठले. “नाहीच बोलत. विकेट ओली, खेळायला अवघड असली की तुमची पाठ धरायची, आणि तुमच्या जागी सलामीला बापू जायचा. न खेळलेला डाव सरासरीत धरत नाहीत, रावसाहेब. तुमचे सगळे वाईट दिवस त्या एकतीसमध्ये आहेत.”

रावसाहेबांनी मान खाली घातली. फोटो मंजूर झाला. केळुसकर मात्र खिन्नपणे खाली बसले. बापू समोर असताना हे त्यांच्या तोंडून एकदाही निघालं नव्हतं.