मानाचा पाट

एकदा एका नदीकाठच्या आश्रमात एक वृद्ध गुरुजी राहत असत. या पंचक्रोशीत आपल्याएवढे गणित कुणालाच येत नाही, असे ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवीत. समोरच्याने आदराने मान डोलावली, की लगेच पुस्ती जोडीत की, पंचक्रोशीत माणसे कमी नि माकडेच फार. शिवाय आपली शाळा पूर्णांकातच सुटली, अपूर्णांकापर्यंत गाडी पोचलीच नाही.

त्याच आश्रमात एक वैद्यबुवा औषधे करीत आणि भामा नावाची मुलगी त्यांच्या हाताखाली शिके. पाला ती नुसत्या वासावरून ओळखी. पाढेही तिला तोंडपाठ होते. पण ऐकलेला आकडा पाटीवर उतरवायचा म्हटला, की घात होई. पंचवीस म्हटले की तिच्या हातून बावन्न उमटे. घोकून झाले, रडून झाले, फरक पडला नाही. परवा तर काढ्यात तेवीस हिरड्यांऐवजी बत्तीस पडले आणि सगळा आश्रम दिवसभर लोटा घेऊन नदीकडे धावत राहिला. गुरुजी स्वतःही धावले, तरी त्यांना या प्रकाराची फार मजा वाटली. वैद्यबुवांना वाटली नाही. उद्या सकाळी आपण आकडे सांगू, एक जरी उलटा पडला तर गाठोडे बांधायचे, असे त्यांनी भामाला बजावले. एकदा आपण घरी परतलो तर पुन्हा कुणी शिकायला धाडणार नाही, हे भामाला पक्के ठाऊक होते.

ती गुरुजींकडे गेली. आता हे रात्रभर उजळणी करून घेणार, अशी तिची समजूत. गुरुजींनी पाटीला हातही लावला नाही. संध्याकाळी जेवताना माझ्याकडे नीट बघत बस, एरवी कुणी बघत नाही, एवढेच ते म्हणाले.

संध्याकाळी गुरुजी आणि वैद्यबुवांसाठी दोन पाट मांडले होते. डावीकडचा मानाचा, त्याच्याभोवती रांगोळी. गुरुजी आधी आले, वयानेही तेच वडील. पण ते मुकाट्याने उजवीकडच्या पाटावर बसले. वाढपी विनवून थकला. वरण निवत चालले, तरी रिकाम्या पाटाशेजारी म्हातारा ढिम्म. याची नजर तरी गेली असावी किंवा डोके तरी, असे भामाला वाटले. अखेर वैद्यबुवा डुलत डुलत आले आणि रांगोळीच्या पाटावर बसले.

जेवणे उरकल्यावर गुरुजींनी भामाला जवळ बोलावले.

"पोरी, आधी आलो म्हणून मानाचा पाट माझा होत नाही. वैद्यबुवा एकटे दहांचं जेवतात, म्हणजे दशकच ते. मागून आले तरी डावा पाट त्यांचाच. पंचवीस म्हणताना पाच आधी येतो, आणि तू त्याला घाईघाईनं रांगोळीत बसवतेस. मग वीस येतो तो कुठं बसणार? आपल्या बोलीत आकडे असेच उलटे चालत येतात. बाकीच्यांचे आपोआप सुलटे बसतात, तुला पाट मांडावे लागतील. मांड की. त्यात कसली लाज? पाचाला उजवीकडे बसव, डावा पाट रिकामा ठेव आणि वाट बघ. जड माणूस सावकाश येतो."

सकाळी प्रत्येक आकड्याआधी भामाने पाटीवर दोन चौकोन काढले. ऐकताच उजवा भरला, थांबली, मग डावा भरला. वैद्यबुवा आकडे सांगून दमले, पण एकही उलटा पडला नाही. हे चौकोन कसले, असे त्यांनी विचारले, तर पाट आहेत, एवढेच तिने सांगितले. वैद्यबुवांनी खलबत्ता तिच्यापुढे सरकवला. याचा अर्थ, गाठोडे बांधायचे नाही.

गुरुजींची छाती मात्र भलतीच फुगली. जाता जाता त्यांनी आपलाही एक आकडा घालून पाहिला.

"लिही, एकोणऐंशी."

भामाने दोन पाट काढले. खडू हातात धरून ती बराच वेळ बसली. मग तिने बोटांवर हिशेब केला, उजवीकडे नऊ लिहिला, डावीकडे सात, आणि पाटी गुरुजींपुढे धरली.

"गुरुजी, बोलावलं तुम्ही ऐंशीला, तो तर पंगतीला आलाच नाही. आणि हे सात नि नऊ जेवायला बसलेत, त्यांचं तर तुम्ही नावही घेतलं नाही. मग यांना आवतण दिलं कुणी?"