जमिनीवरची टोपी

“आणखी काय हवं, बाबा? कधी होणार आम्ही स्वतंत्र?”

दुर्गोजीने तिसऱ्यांदा विचारलं. साळखोऱ्यातले पाचशे जवान त्याच्या शब्दाखातर विस्तवावरून चालत गेले असते. उद्या पहाटे सुलतानाच्या ठाण्यावर चाल करायची होती. फकीरबाबांची दुवा तेवढी हवी होती. ती नाही मिळाली तर निम्मे जवान मागे फिरतील, ही धास्ती मात्र त्याने कुणाला सांगितली नव्हती.

बाबा कांबळ्याला ठिगळ लावत बसले होते.

“बैठक झाली?”

“तीन झाल्या. सगळ्यांचं एकमत. एकही पागोटं खाली आलं नाही.”

हे त्याने मिशीला पीळ देऊनच सांगितलं. खोऱ्याची जुनी रीत अशी, की ज्याला पटत नाही त्याने पागोटं उतरवून जमिनीवर ठेवायचं. तो ते पुन्हा उचलेपर्यंत बैठक उठायची नाही. दुर्गोजीच्या आज्याने म्हणे एका पागोट्यापायी चार दिवस बैठक चालवली होती.

“एकही नाही?”

दुर्गोजी घुटमळला. “पहिल्या बैठकीत एक आलं होतं. रायाजीचं. आता तो... खोऱ्यात नाही.”

रायाजीचा धाकटा भाऊ भिवजी मागेच उभा होता. त्याने मान खाली घातली.

बाबांनी सुई कांबळ्यात खोचली. डोक्यावरची मळकी टोपी काढली आणि जमिनीवर ठेवली.

दुर्गोजीचा हात आपसूक तलवारीच्या मुठीवर गेला. तोही एका म्हाताऱ्या फकिरासमोर. त्याची त्यालाच लाज वाटली, पण हात काही निघेना.

त्याने मागे वळून पाहिलं. भिवजीने हात पागोट्यापर्यंत नेला होता. नजर दुर्गोजीच्या मुठीवर होती. सुलतानाच्या ठाणेदाराचा घोडा गावात शिरला की माणसं अशीच बघत. आपल्याकडेही कुणी असं बघेल, हे दुर्गोजीच्या कधी मनात आलं नव्हतं.

भिवजीचा हात तिथेच अडला होता...

“बाबा, अजून किती उशीर आहे?” दुर्गोजीने कसंबसं विचारलं.

बाबा भिवजीकडे पाहत म्हणाले, “ते पागोटं खाली यायला लागेल तेवढा.”